जुना बास गिटार, तारा झणझणतात: सुरुवात कुठून करायची? (इंदूर)

रामबाग_खर्ज
नमस्कार मंडळी. चार तारांचा जुना बास आहे, फेंडरच्या प्रिसिजन बासच्या पद्धतीचा. २० फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), ३४ इंची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी), नेक म्हणजे मान चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली. ट्रस रॉडचं (नेकच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) तोंड खुंट्यांच्या बाजूला, नटच्या (तारांच्या खाचांची पट्टी) मागे. तारा जी-डी-ए-ई अनुक्रमे ४५-६५-८५-१०५ (जाडी, इंचाच्या हजारांशात), राउंडवाउंड (गोल तारेचं वेष्टण असलेल्या), दीड वर्षापूर्वीच्या.
त्रास तीन ठिकाणी आहे. ई तार पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर झणझणते. ए तार फक्त मोकळी असताना सतारीसारखी वाजते, दाबली की साफ. जी तार पंधराव्या-सोळाव्या फ्रेटवर दाबली की टक् होऊन मरते, सूर टिकतच नाही. पावसाळा लागल्यापासून जास्त. सॅडल (ब्रिजवरचे, बॉडीकडचे तारांचे टेकू) उचलले की ई तारेची झणझण कमी होते, पण मग तारा इतक्या उंच जातात की वाजवणं अवघड. गणपतीच्या आत नीट व्हायला हवा. आधी कशाला हात लावू?

माळवा_लो_एंड
सगळे सॅडल अर्धा अर्धा मिलीमीटर उचला आणि तारा ५०-११० घाला. जाड तार ताठ असते, कमी फडफडते.

कानस_आणि_कागद
सॅडल आणि तारा दोन्ही थांबवा. हे तीन त्रास तीन वेगळ्या जागचे आहेत, एक स्क्रू फिरवून तिन्ही जाणार नाहीत.
पहिल्या चार-पाच फ्रेटवरच झणझण असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ आहे किंवा मागे वाकलाय. फक्त मोकळी तार वाजत असेल तर नट बघायचा. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहे, किंवा नेक बॉडीत शिरतो तिथे त्याचं शेवटचं टोक वर आलंय. आणि एकाच फ्रेटवर झणझण, आजूबाजूचे साफ, तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. दाबलेला नाही, पुढचा, म्हणजे ब्रिजच्या बाजूचा. इथे फार जण चुकतात. दाबलेला फ्रेट घासून बसतात, मग झणझण उलट वाढते आणि दोन फ्रेट बिघडलेले असतात.
आधी मोजमाप द्या. बास सुरात लावा आणि वाजवताना धरतो तसाच धरून मोजा. टेबलावर आडवा टाकून नको. नेकखाली टेकू आला की आकडा बदलतो.
पहिलं माप: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा ते तारेची खालची कड ही फट मोजा. तार इथे फूटपट्टीचं काम करते. मोटरसायकलच्या टॅपेटला लागतो तोच फीलर गेज आणा, सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे मिळेल. नसेल तर साधा ८० जीएसएमचा झेरॉक्स कागद. एक पान साधारण ०.१ मिमी, तीन पानं म्हणजे ०.३.
दुसरं: कॅपो काढून, मोकळ्या तारेची सतराव्या फ्रेटवरची उंची. ई आणि जी दोन्ही. स्टीलची पट्टी घ्या, आणि तिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो का ते बघा.
तिसरं: प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर किती पानं जातात.
चौथं: झणझण ॲम्पमधून ऐकू येते की नुसती कानाला, खोलीत?

रामबाग_खर्ज
मोजलं. आठव्या फ्रेटवर फट शून्य. एक पानही जात नाही, तार टेकलेलीच आहे. सतराव्यावर ई २.२ मिमी, जी १.६. नटजवळ ई ला दोन पानं, ए, डी, जी ला एकेक पान सहज सरकतं. ई आणि ए ची झणझण ॲम्पमधूनही येते.

कानस_आणि_कागद
मग ई चं निदान झालं. फट शून्य म्हणजे नेक सपाट किंवा मागे वाकलेला, हे माप त्यापुढचं सांगत नाही. मागे वाकलाय का ते बघायला लांब सरळ पट्टी फ्रेटवर उभी धरा. मधल्या फ्रेटवर टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर मागे वाकलाय.
कारण समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. मोकळी ई तार सेकंदाला ४१ वेळा हलते आणि मध्यावर सगळ्यात जास्त फाकते. तिला फाकायला जागा हवी म्हणून नेकला समोरच्या बाजूने किंचित बाक ठेवतात. चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोचा असतो, तो नेकला पुढे ओढतो. ट्रस रॉड त्याला मागे खेचतो. तुमच्याकडे रॉड जिंकलाय. सॅडल उचलल्यावर झणझण कमी होते कारण तार सगळीकडेच वर जाते, पण नटजवळ तो फरक अगदी थोडा पोचतो. ब्रिजला एक मिमी उचललं तर बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी, दुसऱ्या फ्रेटवर जेमतेम ०.१. म्हणून पहिल्या चार फ्रेटसाठी सॅडल उचलत बसलात तर बाकी नेकवर तारा डोंगराएवढ्या होतात.
फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या ९.५ ते १२ इंच असेल तर आठव्या फ्रेटवर ०.३ मिमी हवं. जुन्या पद्धतीची ७.२५ इंची असेल तर ०.३५.

माळवा_लो_एंड
बरोबर, माझा सल्ला मागे घेतो. नेक न बघता सॅडल सांगायला नको होतं.
एक विचारतो, जाड तारांनी ओढा वाढून बाक येईल ना?

कानस_आणि_कागद
येईल. रॉड पूर्ण सैल करूनही बाक येत नसेल तेव्हा तोच उपाय. पण रॉड सैल करायला जागा असताना जाड तारा घालायचं कारण नाही. नटच्या खाचा ४५-१०५ साठी कापलेल्या आहेत. १०५ च्या खाचेत ११० ची तार तळाला बसत नाही, वर अडकते.

रामबाग_खर्ज
रॉड किती फिरवायचा? आणि पाना कोणता? माझ्याकडे ५ मिमीची ॲलन की आहे, ती जात नाही. ४.५ ची जाते पण सैल वाटते.

कानस_आणि_कागद
सैल वाटते तर काढून ठेवा, एकदाही फिरवू नका. तो इंची आहे, ३/१६, म्हणजे ४.७६ मिमी. ४.५ ची की त्यात फिरते पण कडा खाते, आणि रॉडच्या तोंडाचा षटकोन एकदा गोल झाला की पुढचं काम नेक उघडण्याचं आहे. इंची संच वेगळा मागा, दुकानदार मिमीचाच पुढे करतो. काही बासमध्ये ४ किंवा ५ मिमीची की लागते, काही जपानी बनावटींना ७ किंवा ८ मिमीचा नळीपाना. जुन्या बनावटीत रॉडचं तोंड बॉडीच्या बाजूला असतं, त्याला नेक उतरवल्याशिवाय हात लागत नाही. तुमचं तसं नाही, हे बरं झालं.
आता फिरवणं. तोंडातली धूळ आणि जुना मेणचट थर टोकदार काडीने काढा, की तळापर्यंत बसली पाहिजे. खुंट्यांकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलं की सैल होतो आणि बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग परत सुरात लावा, कारण बाक वाढला की सूर उतरतो आणि सूर उतरलेल्या नेकचं माप खोटं येतं. मग मोजा. दोन-तीन पानं जायला लागली की थांबा आणि रात्रभर तसाच राहू द्या. जुनं लाकूड एका दमात हलत नाही, सकाळी आणखी अर्धं पान वाढलेलं असतं.
दोन गोष्टी सांभाळा. सैल करताना तोंड अचानक हलकं फिरायला लागलं तर रॉडवरचा ताण संपला. तिथून पुढे बाक वाढणार नाही, उलट मोकळा रॉड नेकच्या आत खडखडायला लागतो आणि तो आवाज अगदी फ्रेटच्या झणझणीसारखा असतो. तेव्हा ताण लागेपर्यंत थोडा परत आवळा. आणि कधी आवळायची वेळ आली तर आधी तारा अर्ध्या सैल करा, नेक हाताने किंचित मागे धरा आणि मग फिरवा. रॉडवर भार कमी येतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबायचं.

सोल्डर_आणि_तार
तोवर एक शंका मिटवून घ्या. ॲम्पमधून येणारी घरघर तार न छेडताही येते का? येत असेल तर ती फ्रेटची नाही. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ब्रिजचं अर्थिंग ठीक आहे. तारांना लावून फरक नाही पण जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी झाली, तर ब्रिजखाली जाणारी अर्थची तार सुटलीय. मल्टीमीटरने ब्रिज ते जॅकची बाहेरची बाही मोजा, शून्याच्या जवळ ओहम यायला हवेत. जुन्या बासमध्ये ही तार ब्रिजखाली नुसती दाबून ठेवलेली असते. घामाने ब्रिजची खालची बाजू गंजली की संपर्क जातो. ब्रिज उचला, तो भाग पॉलिश पेपरने चमकवा, तारेचे सुटे तंतू पंख्यासारखे पसरून परत दाबा.

रामबाग_खर्ज
ती घरघर नाही, तार छेडल्यावरच येते. इंची संच मिळाला. रॉड दोनदा पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवला. आता आठव्यावर तीन पानं जातात. ई तार पहिल्या चारही फ्रेटवर साफ. सतराव्यावर ई २.५ झालीय. ए तशीच वाजते आहे.

तंबोरा_जवारी
ए साठी मी लिहितो, हा माझा प्रांत आहे.
तुम्ही सतारीसारखी म्हणालात ते शब्दशः खरं आहे. तंबोऱ्याच्या घोडीला सपाट, किंचित उतरती पाठ ठेवतात. तार तिच्यावरून एकदम सुटत नाही, हलताना पाठीला घासत घासत सुटते, आणि त्या घासण्यातून जवारी निघते. तंबोऱ्याला ती हवी असते, म्हणून सूत सरकवून आपण तिची नेमकी जागा शोधतो. बासच्या नटला ती नको. तिथे तार एका टोकदार कडेवरून सुटली पाहिजे, आणि ती कड फ्रेटबोर्डच्या बाजूची हवी.
पहिल्या फ्रेटवर एक पान जातंय म्हणजे खाच खोल गेलेली नाही. खाचेचा उतार चुकलाय. तळ सपाट झालाय किंवा उंच भाग मागे, खुंट्यांकडे गेलाय. तार मागच्या कडेवर टेकते आणि पुढच्या कडेवर घासते. ओळखायची खूण आहे: शिवणकामाच्या दोऱ्याचा छोटा तुकडा खाचेत, अगदी फ्रेटबोर्डच्या कडेला, तारेखाली घाला. किणकिण तिथल्या तिथे गेली तर दोष नटचाच.
पण कानस लावण्याआधी खुंटीकडे बघा. या पद्धतीच्या बासच्या डोक्यावर (खुंट्या असतात त्या पाटीवर) डी आणि जी तारांना खाली दाबणारा बिल्ला असतो. ई तारेची खुंटी नटजवळ, त्यामुळे तिला आपसूक उतार मिळतो. ए मध्ये अडकते: बिल्ला नाही आणि खुंटी लांब. खुंटीवर एक-दीडच वेढा असेल तर तार जवळजवळ आडवीच नटवरून जाते आणि खाचेत दाबून बसत नाही. नवी ए तार घालताना खुंटीच्या पुढे साधारण १२ सेंमी जास्त ठेवून कापा, म्हणजे दोन-तीन वेढे बसतील, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली जाऊ द्या. जाड तार कापण्याआधी कापायच्या जागेच्या अलीकडे तिला काटकोनात मुडपा. नाहीतर आतल्या गाभ्यावरून वरचं वेष्टण सुटतं आणि तार कायमची मंद होते.
निम्म्या बासचा ए तारेचा त्रास एवढ्यानेच जातो असा माझा अंदाज आहे.

नवखा_बेसिस्ट
तार न बदलता तपासता येईल का?

तंबोरा_जवारी
येईल. मोकळी ए छेडा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नट आणि खुंटी यांच्या मधली तार खाली दाबा. किणकिण थांबली तर उतार कमी आहे.

रामबाग_खर्ज
दाबल्यावर खूप कमी होते पण पूर्ण जात नाही. दोरा घातला की पूर्ण जाते. खुंटीवर वेढा एकच आहे.

तंबोरा_जवारी
मग दोन्ही आहे. नव्या तारा घालताना वेढे वाढवा, आणि खाचेला उतार द्या. ८५ ची तार २.१६ मिमी जाडीची. गोल नीडल कानस त्याहून बारीक घ्या, किंवा जुन्या ६५ च्या तारेच्या तुकड्याभोवती ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळा. खाचेच्या पुढच्या कडेला शिसपेन्सिलीने काळं करा. कानस खुंट्यांच्या बाजूला झुकवून फक्त मागचा भाग घासा. पुढची काळी रेघ पुसली गेली की तुम्ही खोली वाढवताय, थांबा. पाच-सहा हात मारा, तार बसवा, ऐका, परत. घाईत केलेली खाच परत भरता येते पण ती मूळ हाडाइतकी कडक होत नाही.
चुकून खोल गेलीच तर खाचेत चिमूटभर खायचा सोडा भरा, वरून फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो आणि वाफ येते, तोंड लांब ठेवा, खिडकी उघडी. आजूबाजूला मास्किंग टेप लावा. पाच मिनिटांनी परत कापा. हे गणपतीपुरतं चालतं. कायमचं म्हणाल तर हाडाचा नवा नट.

कानस_आणि_कागद
जवारीचं उदाहरण अगदी नेमकं आहे. सॅडललाही तेच लागू होतं: जुन्या सॅडलच्या खोबणीला तारेने घासून पाठ पडते आणि मग झणझण ब्रिजच्या बाजूने येते. बघून घ्या. सॅडलचे दोन्ही उंचीचे स्क्रू ब्रिजच्या पत्र्यावर टेकलेत का तेही. एक अधांतरी असेल तर तोच खडखडतो. त्यांना बहुधा १.५ मिमीची की लागते, पण तुमचा रॉड इंची निघालाय, तेव्हा ०.०५० किंवा १/१६ इंची आधी लावून बघा. गंजले असतील तर तेल कापसाच्या काडीने, स्क्रूपुरतं. फवारा मारू नका, पिकअपमध्ये (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) जातं.
आता जी. १.६ कमीच आहे. २.० करा. ई २.५ आहे ती २.४ वर आणली तरी चालेल. ए आणि डी मधल्या उंचीवर, फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे.

रामबाग_खर्ज
नव्या तारा, ए ला तीन वेढे, खाचेचा उतार. ए पूर्ण साफ झाली. तंबोरा_जवारी, फार उपकार झाले.
जी २.० केली. पंधरावा आता ठीक. सोळावा अजून टक् होतो. बाकी कुठेच नाही.

कानस_आणि_कागद
सोळावा मरतो म्हणजे सतरावा उंच. खात्री करून घ्या. तीनच फ्रेटवर टेकेल एवढी सरळ कडेची पट्टी घ्या, जुन्या एटीएम कार्डाची न झिजलेली कडही चालते, तिथे फ्रेट जवळ असतात. १६-१७-१८ वर जी तारेखाली उभी ठेवा. डुलली तर मधला उंच.
लगेच घासू नका. जुन्या बासमध्ये उंच फ्रेट बऱ्याचदा खाचेतून उचललेला असतो. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात सुकतं, आणि आपल्याकडे मे ते जुलै हा फरक मोठा आहे. त्या हालचालीत फ्रेटचं टोक सैल होतं. सतराव्याचं जी बाजूचं टोक लाकडाच्या ठोकळ्याने जोरात दाबा आणि दाबलेलं असतानाच सोळावा वाजवा. साफ वाजला तर फ्रेट सैल आहे.

रामबाग_खर्ज
पट्टी डुलते. दाबल्यावर साफ वाजतो. नखाने वाजवलं तर त्या टोकाला आवाजही पोकळ येतो.

कानस_आणि_कागद
मग कानस लागणारच नाही कदाचित. तारा सैल करून बाजूला घ्या. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, फ्रेटला अगदी चिकटून. पातळ फेविक्विक सुईच्या टोकाने फ्रेटच्या कडेला, एक-दोन थेंब, जास्त नको. ते आपोआप फटीत ओढलं जातं. लगेच लाकडाच्या ठोकळ्याने दाबा, ठोकळा आणि फ्रेट यांच्यामध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा म्हणजे ठोकळा चिकटणार नाही. शिकंजा असेल तर नेकच्या मागे जाड कापड घालून पंधरा मिनिटं. शिकंजा फार आवळू नका, फ्रेट बसला की पुरे. सांडलेलं फेविक्विक ॲसिटोनने निघतं, पण ॲसिटोन नेकचं लॅकरही विरघळवतं. तेव्हा फक्त फ्रेटच्या माथ्यावर, काडीने.
यानंतरही पट्टी डुलली तरच घासायचं. सतराव्याच्या माथ्यावर मार्कर ओढा, १५ सेंमी काचेच्या तुकड्याला ४०० चा पेपर चिकटवा आणि तेवढ्याच फ्रेटवर हलक्या हाताने. दर दहा हातांनी पट्टी लावून बघा. माथा सपाट झाला की तो परत गोल करावा लागतो, नाहीतर तार सपाट माथ्यावरून सुटताना परत तीच जवारी. तिकोनी कानशीच्या कडा आधी घासून बोथट करा म्हणजे लाकडाला ओरखडा जाणार नाही. माथ्यावर मार्करची बारीक रेघ शिल्लक राहीपर्यंत दोन्ही उतार घासा. मग ८००, १२००, २०००. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप टेपने पूर्ण झाका. त्याचा भुगा चुंबकाला चिकटतो आणि निघत नाही.

माळवा_लो_एंड
पिकअपवरून आठवलं. नव्या तारा घातल्यात तर पिकअपची उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई बाजूला ३ मिमी, जी बाजूला २.५ च्या आसपास. जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. लोक त्यालाही झणझण समजतात.

रामबाग_खर्ज
फेविक्विकनेच काम झालं. पट्टी डुलत नाही, सोळावा साफ, घासावं लागलं नाही. पिकअप ई बाजूला २ मिमीवर होता, खाली केला.
एकच उरलं: जी तार पाचव्या-सहाव्या फ्रेटवर झणझणत नाही, पण आवाज लवकर विरतो.

कानस_आणि_कागद
तो फ्रेटचा दोष नाही. त्या सुराला नेक स्वतःच हलतो आणि तारेची ताकद खाऊन टाकतो. या बांधणीच्या बासमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्याच्या दरम्यान अशी जागा असणं नेहमीचं आहे. डोक्याला छोटा शिकंजा लावून वाजवून बघा, वजन वाढलं की ती जागा एखाद-दुसऱ्या फ्रेटने सरकते. तोच सूर डी तारेवर दहाव्या-अकराव्या फ्रेटवर मिळतो, गाण्यात तिथे वाजवा.
आता सॅडल पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी जुळवून घ्या. बाक आणि उंची दोन्ही बदलल्यात, तेव्हा तो हललेला असणार. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, नटपासून लांब. उतरता आला तर पुढे. आठव्या फ्रेटचं माप दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की परत घ्या. तीन पानांची दोन किंवा चार झाली असतील तर अष्टमांश फेरा पुरतो.

रामबाग_खर्ज
ई चं सॅडल जवळजवळ ३ मिमी मागे न्यावं लागलं. बाकी तिन्ही थोड्याशा. ॲलन की केसमध्येच ठेवली आहे, वर ३/१६ लिहून.